खाटेखालची बॅटरी

बॅटरी मेली आहे की नुसती दमली आहे, हे ओळखायला फार अक्कल लागत नाही. बुचं उघडायची, काचेच्या नळीनं पाणी ओढायचं, नळीतला तरंगता काटा कुठं थांबतो ते पाहायचं. सहाही सेलमध्ये काटा सारखाच खाली असेल तर बॅटरी दमली आहे. चार्जिंगला लावा, उठते. पाच सेल ठीक आणि एकात काटा तळाला टेकला, तर तो सेल मेला. एक मेला की बाकीचे पाच त्याला ओढत बसतात आणि ओढता ओढता तेही जातात. अशी बॅटरी चार्जिंगला लावणं म्हणजे मुडद्याला सलाईन लावणं. करणारे करतात. आमगावातच करतात, नावं सांगू शकतो.

मी करत नाही. दमलेली असेल तर चार्ज करतो, मेलेली असेल तर बदला म्हणून तोंडावर सांगतो. मेलेल्या बॅटरीवर पांढऱ्या ऑइल पेंटनं मोठी फुली मारतो, म्हणजे ती पुन्हा कुणाच्या गळ्यात मारता येत नाही. गोंदियाहून कंपनीचे पोट्टे टाय बांधून येतात आणि सांगतात, "केवलरामजी, सीधा बदलवाओ, चार्जिंग में क्या रखा है." त्यांना चहा पाजतो आणि वाटेला लावतो. दुकान सालेकसा रोडवर आहे, रेल्वे फाटकाच्या अलीकडे. येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक ट्रॅक्टरला माझी फुली माहीत आहे. तिच्यावर आजवर कुणी बोट ठेवलं नव्हतं.

दिवाळी होऊन गेली होती, धान चुरण्याचे, मळणीचे दिवस होते. सकाळी गारठा पडला की बॅटऱ्या बसतात, त्यामुळे दुकानात गर्दी. हिरडीटोल्याचा दुर्गाप्रसाद पटले मोटरसायकलच्या मागं पोत्यात बांधून ट्रॅक्टरची बॅटरी घेऊन आला. डोकं भादरलेलं. त्याचा बाप बिसराम पटले गेल्याचं कानावर होतंच. हिरडीटोल्यात सगळ्यात मोठी शेती पटल्यांची. तलावाखालची सारी बांधी, म्हणजे धानाची शेतं, त्यांची, शिवाय आमगावात खताचं दुकान. हे मुद्दाम सांगतो. पुढं जे झालं ते गरिबीमुळं झालं असं कुणी म्हणू नये. गरिबीच्या डोक्यावर लोक काय वाटेल ते टाकतात.

"बाबूजी गेले," पोतं सोडत तो म्हणाला, "अन् हेबी बसली."

मी बुचं उघडली. पाच सेलमध्ये थोडंफार पाणी होतं. तिसरा कोरडा ठणठणीत. प्लेटा पांढऱ्या पडलेल्या, जुन्या भिंतीचा चुना सुटावा तशा.

"तिसरा सेल मेला पटलेजी. बदला."

"चार्ज करून पाय ना, केवलभाऊ."

"मुडदा आहे."

"मुडदा कसी? बाबूजी होते तवरी एका सेल्फात उठे ट्रॅक्टर. अजून तेरवी नाही झाली त्याईची, अन् मुडदा झाली?"

बापाच्या दुःखात आहे म्हणून मी तोंड आवरलं. पाणी भरलं, दिवसभर चार्जिंगला लावली. संध्याकाळी टेस्टर लावला तर काटा जागचा हलला नाही. तिसऱ्या सेलमधलं पाणीही गेलेलं होतं. खाली गळती नव्हती. फरशी मी हातानं चाचपून पाहिली. मग पेंटचा डबा काढला आणि बॅटरीच्या अंगावर फुली मारली. दुर्गाप्रसादनं नवी घेतली नाही. जुनी परत पोत्यात बांधली.

"घरीच राहू दे," तो म्हणाला. "वस्तूले इतकी घाई करू नये."

त्यानंतर तीन-चार आठवडे गेले असतील. बाजाराचा दिवस होता. दुर्गाप्रसादनं धानाची ट्रॉली लावलेला ट्रॅक्टर माझ्या दुकानासमोर आणून उभा केला, इंजिन बंद केलं, आणि चहाच्या टपरीवर बसलेल्यांकडे एकदा पाहून सेल्फ मारला. अर्ध्या सेल्फात ट्रॅक्टर उठला. पुन्हा बंद केला. पुन्हा मारला. पुन्हा उठला.

"हे पाय केवलभाऊ! तुयी फुली!"

बॅटरीवर माझ्याच हातची पांढरी फुली होती.

टपरीवरचे हसले. केशोराव नावाचा एक रिकामटेकडा तिथं कायम बसलेला असतो, तो ओरडला, "केवल्या, आता जित्या मानसावरबी फुली मारशीन का बे?" पुन्हा हसले. मला राग आला. राग मला लवकर येतो आणि मी तो लपवत नाही. दुर्गाप्रसादनं आतली बॅटरी बदलून वरचं कवच माझ्या फुलीचं ठेवलं असणार, असा माझा सरळ हिशेब होता. मी सगळ्यांदेखत ट्रॅक्टरचं बॉनेट उघडलं. कवचाचा फुटका कोपरा तोच. त्यावर मी पूर्वी कधीतरी लावलेला सीलचा गोळाही तोच, माझ्या अंगठ्याच्या ठशासकट. कवच कुठंही उघडलेलं नव्हतं.

बुचं काढली. सहाही सेल काठोकाठ भरलेले. नळी लावली, काटा सहाही वेळा वर येऊन थांबला. तिसऱ्याच्या प्लेटा काळ्याभोर, नव्यासारख्या.

"कुठं चार्ज केली?"

"कुठीच नाही."

"पानी कोनी टाकलं?"

"मले का मालूम? आपोआप भरते." त्यानं बॉनेट आपटलं. "तुले नाही समजे तं नाही समजे म्हन ना सरळ. फुली कायले मारते?"

चिडून मी विचारलं, रात्री बॅटरी कुठं ठेवतोस? आमच्याकडे हा प्रश्न विचित्र नाही. दोन वर्षांपासून टोल्याटोल्यांत, वाडीवस्त्यांवर, ट्रॅक्टरच्या बॅटऱ्या चोरीला जातात, म्हणून दिवस मावळला की बॅटरी काढून घरात आणतात आणि ज्याची झोप हलकी त्याच्या खाटेखाली ठेवतात. बहुतेक घरांत ते काम म्हाताऱ्यांकडे असतं. सकाळी बॅटरी लावायची, संध्याकाळी काढायची. लोकांच्या अंगवळणी पडलं आहे.

"ओसरीत, बाबूजीच्या खाटेखाली ठेवत होतो," तो म्हणाला. "बाबूजी गेले तं तेरवीवरी खाट उभी करून ठेवली, रिवाजच आहे. कोनी झोपलं नाही. आता माय झोपते."

हे सांगताना तो माझ्याकडे पाहत नव्हता. ट्रॉलीतल्या पोत्यांकडे पाहत होता.

मला झोप लागेना. बाजारात माझ्या नावाला बट्टा लागला हे एक कारण, पण तेवढंच नाही. मेलेला सेल उठत नाही. उठत नाही म्हणजे नाही. प्लेटेचा चुना झाला की तो चुनाच. दूध फाटलं की फाटलं. मी इतक्या वर्षांत हजारो सेल पाहिले असतील, एकही परत आला नाही.

दोन दिवसांनी दुपारी मी टेस्टर आणि नळी घेऊन हिरडीटोल्याला गेलो. तलावाच्या पाळीवरून रस्ता जातो. तलाव त्या वेळी अर्धा होता, काठावर बायका कपडे धूत होत्या. पटल्यांच्या अंगणात धानाचं तणीस रचलेलं, बाजूला उघड्या बॉनेटचा ट्रॅक्टर. त्या दिवशी काम नव्हतं, म्हणून बॅटरी दिवसाही घरातच होती. दुर्गाप्रसाद खताच्या दुकानात होता, तेच पाहून मी गेलो होतो. त्याची बायको मंजू दारात आली. मी कोण ते तिला ठाऊक होतं. आत गेली आणि पाण्याचा गडवा घेऊन आली, पण तो माझ्यासाठी नव्हता. ओसरीतल्या खाटेजवळ ठेवून ती बाजूला उभी राहिली.

खाटेवर पुष्पाबाई झोपली होती. दुर्गाप्रसादची माय. तिला मी दिवाळीआधी खताच्या दुकानात पाहिलं होतं. हाडापेरानं भक्कम बाई, पोतं एकटीनं सरकवायची. आता गोधडीखाली कुणी आहे की नाही असं वाटत होतं. खाटेखाली फुली मारलेली बॅटरी. तिच्या दोन्ही बाजूंना सारवणावर पाण्याची ओल.

"बस बाबू," ती म्हणाली. उठून तिनं गडवा तोंडाला लावला आणि खाली ठेवला तेव्हा तो रिकामा होता. मंजूनं तो उचलला, पुन्हा भरून आणला. तोही गेला.

"तहान लागते का माय?"

"दिवसभर. किती पेते, तरी तोंड कोरडंच." तिनं ओठ पुसले. "रातच्याले नाही लागे. रातच्याले लय झोप लागते. खाली कोनी ओढून राहिलं असी झोप."

तिनं हात पुढं केले. दोन्ही मनगटांत चांदीची कडी होती, जुन्या घडणीची. त्यांच्यावर पावडर जमली होती. पांढरी, कडेला हिरवट, भुसभुशीत. ही पावडर मी रोज ब्रशनं घासतो. बॅटरीच्या टर्मिनलवर जमते ती. तिचा वास मला झोपेतही ओळखता येतो.

उजव्या कड्यावर जास्त होती. डाव्यावर कमी.

टर्मिनलवरही तसंच असतं. एका बाजूला जास्त जमते.

मी खाली वाकलो, बॅटरीची बुचं काढली. सहाही सेल काठोकाठ. नळी वर आणली तेव्हा पाण्याला तेजाबाचा वास होता आणि त्याखाली आणखी एक, आजाऱ्याच्या अंथरुणाला येतो तसा. काटा वर उभा होता.

"माय," मी म्हणालो, "आजपासून आतमधी झोप. इथं नको झोपू."

पुष्पाबाईनं मंजूकडे पाहिलं. मंजू खाली पाहत होती.

"मी उठली तं इथं मंजू झोपीन," पुष्पाबाई म्हणाली. "हिले तं पोरीले पाहा लागते ना. टीना सहावीत आहे अजून." मग बोलणं झालं असं समजून तिनं गोधडी वर ओढली. "पोराले सांगून पाहलं मी. म्हनते, चोर येते."

म्हणजे घरात सगळ्यांना माहीत होतं. हे मला तिथं, त्या ओसरीत कळलं. भुताखेतांवर माझा विश्वास नाही, आजही नाही. पण घरात एक माणूस रोज थोडं थोडं कमी होत आहे, सगळ्यांना दिसत आहे, आणि सगळे सकाळी उठून बॅटरी ट्रॅक्टरला लावत आहेत. यावर विश्वास ठेवायला मला काहीच जड गेलं नाही. हे मी आमच्या भागात बॅटरीशिवायही भरपूर पाहिलं आहे.

मी दुकानात परत गेलो, नवी बॅटरी मोपेडवर टाकली आणि खताच्या दुकानापुढं थांबून दुर्गाप्रसादला म्हणालो, चल. तो आला. त्याच्या अंगणात मी स्वतः नवी बसवली, स्वतः ग्रीस लावलं, सेल्फ मारून दाखवला.

"किती द्याचे?"

"काही नाही. जुनी मले दे."

"फुकट कायले? मी का भिकारी आहो?"

"दे म्हणतो ना."

ओसरीतून पुष्पाबाई पाहत होती. मी खाटेखालून जुनी ओढून काढली. नेहमीपेक्षा जड लागली. तिच्या खाली सारवण गुळगुळीत झालं होतं, एखादं जनावर रोज एकाच जागी बसत असावं तसं.

जुनी मी दुकानामागच्या टिनाच्या शेडमध्ये ठेवली, भंगारासोबत. दुसऱ्या दिवशी बुचं काढली तेव्हा पाणी दोन बोटं उतरलेलं होतं. तिसऱ्या दिवशी तिसरा सेल कोरडा पडला, प्लेटा पांढऱ्या. टेस्टरचा काटा हलेना. मला बरं वाटलं. जसं असायला पाहिजे तसं होतं.

पौष सरला. कचारगडच्या जत्रेच्या गाड्या सुरू झाल्या. जीपवर पिवळे झेंडे, टपावर माणसं, दिवसभर सालेकसा रोडवर गलका. अशा एका सकाळी दुर्गाप्रसाद आला. डोक्यावर केस आले होते. मोटरसायकलच्या मागं पोतं, पोत्यात माझी नवी बॅटरी.

"हे ठेव तुयी. माझी दे."

"माय कसी आहे?"

"मस्त. सकाळी लाखोरीची भाजी खुडाले गेली होती बांधीत."

"मंग झालं ना. ट्रॅक्टर उठून राहिला, माय उठून राहिली. आता का पाहिजे?"

"नवीले लय पाहा लागते ना भाऊ." तो अगदी साध्या सुरात बोलत होता. "पानी पाहा, चार्जिंग पाहा. परवा जत्रेचं भाडं घेऊन गेलो तं दर्रेकशाच्या घाटात बसली. धक्का मारा लागला. लोकं हासले. जुनीले काहीच लागत नव्हतं."

"तिले का लागते ते तुले मालूम आहे."

समोरून एक जीप गेली, तिच्यातल्या बाया गात होत्या. ती फाटकापलीकडे जाईपर्यंत तो थांबला.

"मी का कसाई आहो, केवलभाऊ? मायले खाटेवर नाही झोपवत मी आता. आन घेतो."

"मंजूले?"

"मंजूलेबी नाही. टीनालेबी नाही. घरचं कोनीच नाही झोपे. खाटच बाहेर काढली, ढोराईच्या कोठ्यात ठेवली." त्यानं नवी बॅटरी माझ्या टेबलावर ठेवली. "आता तं देशीन? वस्तू माझी आहे."

वस्तू त्याची होती. भंगारातून काढून दिली. कोरडी होती, हलकी होती, टेस्टर लावून त्याच्या डोळ्यांदेखत दाखवलं की मेलेली आहे. तो म्हणाला, "पाहू."

आठवड्यात ट्रॅक्टर माझ्या दुकानासमोरून गेला. धानाची ट्रॉली भरलेली, फाटक बंद म्हणून थांबला, दुर्गाप्रसादनं इंजिन बंद केलं. फाटक उघडलं. त्यानं सेल्फ मारला.

पाव सेल्फातच उठला. इतका चांगला आवाज मी नव्या बॅटरीचाही ऐकलेला नाही.

त्यानं माझ्याकडे पाहून हात केला.

मग एका दुपारी एक माणूस दुकानात आला. तिशीचा, उंचापुरा, खांदे भरलेले, पण शर्ट त्या खांद्यांवरून ढिला लोंबत होता. डोंगरगडकडचा होता, बोलणं छत्तीसगडी. नाव चंद्रकुमार सांगितलं.

"बॅटरीवाला ग्रीस हे का भैया? दुर्गाप्रसाद मालिक भेजे हे."

मी डबी काढली. पटल्यांकडे काय काम करतोस, विचारलं.

"कुछु नहीं." तो हसला. "रात के सुते के काम हे. कोठा में खटिया हे, उही में." झोपायचं काम. धान राखायला म्हणून ठेवलं होतं, पण उठून फेरीही मारावी लागत नाही, असं त्यानं सांगितलं. "खाय बर देथे, पइसा देथे. अइसन मालिक नइ मिलय."

मी विचारलं, पुष्पाबाई कशी आहे.

"दाई अब बने हे, एकदम ठीक," तो म्हणाला. "रोज मोर बर खुद पानी लेके आथे. मोर पास बइठे रहिथे."

त्याची नजर माझ्या माठाकडे गेली. मी ग्लास दिला. त्यानं ग्लास बाजूला ठेवला, माठच वाकवला आणि पीत राहिला. त्याच्या गळ्याची घाटी वर-खाली होत होती. माठ रिकामा झाला.

मग त्यानं डबी उघडली. उजव्या हातात तांब्याचं कडं होतं, देवस्थानाबाहेर मिळतं तसलं. त्यानं आधी ते खिशातल्या चिंधीनं पुसलं. पांढरी-हिरवट पावडर माझ्या काउंटरवर पडली. मग बोटानं ग्रीस घेऊन कड्याला सावकाश, सगळीकडून, आतल्या बाजूनंही लावलं. अगदी मी टर्मिनलला लावतो तसं. कुणीतरी नीट शिकवलं होतं.

"मालिक बताय हे," तो म्हणाला, "ग्रीस लगाबे त पावडर नइ जमय."

त्यानं डबी खिशात घातली, दोन पावलं गेला, काही आठवल्यासारखा परत फिरला.

"चार डब्बा अउ देबे भैया. टोला के दूसर मालिक लोगन भी मंगाय हें."